नाकारलेला राजपुत्र, ऑस्ट्रियाचा सेनापती

व्हिएन्नाच्या हेल्डेनप्लाट्झ चौकात एका घोडेस्वाराचा भव्य पुतळा १८६५ पासून उभा आहे. हा स्वार म्हणजे सॅव्हॉय घराण्यातील राजपुत्र युजीन. ऑस्ट्रियाचा सर्वश्रेष्ठ सेनानी म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मात्र त्याचा जन्म पॅरिसचा (१८ ऑक्टोबर १६६३) आणि घराणे इटली-फ्रान्सच्या सीमेवरचे. तो सही करी ती तीन भाषांत : 'युजेनिओ' इटालियन, 'फॉन' जर्मन आणि 'सॅव्हॉय' फ्रेंच. त्या काळी उमराव देशाची नव्हे, तर राजघराण्याची चाकरी करीत, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या आयुष्याचा उलगडा होत नाही.

त्याची आई ऑलिंपिया मान्चिनी ही फ्रान्सचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल माझारँची भाची. विषप्रयोगांच्या गाजलेल्या प्रकरणात तिचे नाव गोवले गेले आणि १६८० मध्ये तिला फ्रान्समधून पळ काढावा लागला. किरकोळ बांध्याच्या युजीनला घरच्यांनी धर्मगुरू करायचे ठरविले होते. त्याला मात्र शिपाईगिरीच हवी होती. १६८३ मध्ये त्याने चौदाव्या लुईकडे सैन्यात जागा मागितली. राजाने ती नाकारली. हा नकार फ्रान्सला किती महागात पडणार आहे, याची तेव्हा व्हर्सायमध्ये कोणालाही कल्पना नसावी.

त्याच वर्षी ऑटोमन तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. हॅब्सबर्ग सम्राट लिओपोल्डच्या सैन्यात असलेला युजीनचा थोरला भाऊ लढाईत कामी आल्याची वार्ता आली आणि वीस वर्षांचाही नसलेला युजीन जुलैअखेरीस वेषांतर करून पॅरिसमधून निसटला. १२ सप्टेंबरला वेढा उठला, त्या लढाईत तो होता. वर्ष संपण्यापूर्वी त्याच्या हाती एक घोडदळ पलटण आली आणि तिशीच्या उंबरठ्यावर, १६९३ मध्ये, तो फील्ड मार्शल झाला.

हंगेरीतील मुख्य सैन्याचे सेनापतिपद त्याला १६९७ मध्ये मिळाले. ११ सप्टेंबरला झेंटा येथे सुलतान दुसरा मुस्तफा याचे सैन्य तात्पुरत्या पुलावरून तिसा नदी ओलांडत असल्याचे त्याला समजले. सुलतान पलीकडे पोचला होता, पायदळ अलीकडेच होते. दिवस मावळायला थोडाच अवधी उरला असताना युजीनने हल्ल्याचा हुकूम दिला. पुलाची वाट तुटताच पायदळ कोंडीत सापडले. तुर्कांचे सुमारे ३० हजार लोक मारले गेले वा बुडाले, वजीर ठार झाला आणि त्याच्याजवळील सुलतानाची मुद्राही विजेत्यांच्या हाती लागली. कार्लोविट्झच्या तहाने (१६९९) हंगेरीचा बहुतांश प्रदेश हॅब्सबर्गांकडे आला.

रणांगणाइतकेच त्याचे कर्तृत्व कचेरीत दिसते, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध ऐन भरात असताना, मे १७०३ मध्ये, सैन्याला रसद आणि कर्ज पुरविणारा सावकार सॅम्युएल ओपनहाइमर मरण पावला. दरबाराने त्याचे देणे चुकते करण्यास नकार दिला, साहजिकच नवे कर्ज मिळेना. सैनिकांचे पगार थकले, दारूगोळा संपत आला. अशा वेळी युजीन युद्धमंडळाचा अध्यक्ष झाला व त्याने ही घडी बसविण्यास प्रारंभ केला.

पुढच्याच वर्षी ब्लेनहाइम येथे इंग्लंडचा ड्यूक ऑफ मार्लबरो आणि युजीन यांनी फ्रान्स-बव्हेरियाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. फ्रेंच मार्शल तालार कैद झाला. १७०६ मध्ये युजीनने आपल्याच घराण्याची राजधानी तुरिन फ्रेंच वेढ्यातून सोडविली. ज्या राजाने त्याला साधी जागा दिली नाही, त्याच्याच फौजा तो एकामागून एक मागे रेटीत होता. १७०९ मधील मालप्लाके मात्र या मालिकेत बसत नाही. तेथे मित्रसैन्याचे २० हजारांहून अधिक लोक मेले वा जायबंदी झाले, फ्रेंचांची हानी त्याहून कमी होती. मैदान मित्रांकडे राहिले, म्हणून विजय म्हणायचा एवढेच.

१७१७ मध्ये बेलग्रेडला वेढा घालणारा युजीन स्वतःच वेढ्यात सापडला. समोर किल्ला, पाठीशी तुर्कांची प्रचंड कुमक आणि छावणीत हगवणीची साथ. माघारीऐवजी त्याने १६ ऑगस्टच्या पहाटे दाट धुक्यात कुमकेवरच हल्ला चढविला आणि ती उधळून लावली. किल्ल्याने लगोलग शरणागती पत्करली.

२१ एप्रिल १७३६ रोजी सकाळी तो आपल्या बिछान्यात मृतावस्थेत आढळला. तीन सम्राटांची सेवा केलेल्या या सेनापतीने लग्न केले नव्हते आणि मृत्युपत्रही केले नव्हते. सारी मालमत्ता पुतणी व्हिक्टोरियाकडे गेली आणि तिने ती विकावयास काढली. चित्रसंग्रहाचा मोठा भाग तुरिनला गेला, बेल्व्हेडिअर हा राजवाडा १७५२ मध्ये मारिया थेरेसाने घेतला. सुमारे १५ हजार ग्रंथ सम्राट सहाव्या चार्ल्सने विकत घेतले. आज ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील मुख्य दालनात ते पाहावयास मिळतात. त्यांच्या चामडी बांधणीचे रंग युजीनने ठरविलेले आहेत : इतिहास व साहित्य लाल, धर्मशास्त्र व कायदा निळा, निसर्गविज्ञान पिवळा.