झाशी पायी बघायची तर

मराठी माणसानं झाशी पायीच फिरावी. सकाळी लवकर किल्ल्यापासून सुरुवात करा. ओरछाच्या वीरसिंहदेवानं तो १६१३ मध्ये बांधला. त्याला जोडलेला शंकरगड मात्र मराठा सुभेदार नारोशंकराचा. नाशिकचं नारोशंकर मंदिर ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तोच हा! किल्ल्यात कडक बिजली तोफ आहे, आणि तोफची गुलाम गौस खान यांची कबर. तिथे जरूर थांबा.

खाली उतरलात की जुन्या शहरातला राणीमहाल. वरच्या दरबारातलं रंगकाम अजून टिकून आहे, खाली मध्ययुगीन मूर्तींचा संग्रह. जवळच्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, असं सांगतात. उन्हं उतरल्यावर लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडा. तलावाकाठी झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या कुलस्वामिनीचं, महालक्ष्मीचं देऊळ आणि लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव यांची छत्री आहे.

जाण्याआधी विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ वाचाच. वरसईचे हे भिक्षुक १८५८ च्या इंग्रजांच्या वेढ्यात झाशीतच अडकले होते. इंग्रज शहरात शिरल्यानंतरची लूट, कत्तल, जळालेला ग्रंथसंग्रह, सगळं त्यांनी मराठीत लिहून ठेवलंय. ते वाचून गेलात तर राणीमहालाभोवतीच्या गल्ल्यांमध्ये तुमचा निम्मा दिवस सहज जाईल.