लॅपटॉपखालचा वारा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला, की लॅपटॉपच्या पंख्याला आत ओढायला गरम हवाच मिळते. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचला, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि व्हिडिओ एडिटिंग रखडते.

कूलिंग स्टँड खोलीपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. तो लॅपटॉप उचलून धरतो आणि आपल्या पंख्यांनी तळाच्या जाळीत जास्त हवा लोटतो. म्हणूनच सरकवता येणारे पंखे खरे कामाचे. लॅपटॉप बंद करून उलटा करावा, जाळी कुठे आहे ते पाहावे आणि पंखे नेमके तिच्याखाली आणावेत. लिखाणाला पंख्यांचा कमी वेग पुरतो, गेमिंगला जास्त लागतो.

२०२०च्या एम-वन मॅकबुक एअरला मात्र आत पंखाच नाही, तळाला जाळीही नाही. तिथे स्टँडचा फायदा थोडाच. पंखा असलेल्या लॅपटॉपच्या आत धूळ साचली असेल, तर आधी ती काढून घ्यावी.