इस्रायल-पॅलेस्टाईन : आपण कोणत्या बाजूचे?



इस्रायल हे नाव आपल्या खानदेशातील शेतकऱ्याला ठिबक सिंचनामुळे परिचयाचे झाले. थेंबाथेंबाने पाणी देऊन वाळवंट पिकविणारा देश, एवढीच त्याची ओळख होती. पॅलेस्टाईन हे नाव आकाशवाणीच्या बातम्यांत यासर अराफत यांच्या नावाबरोबर ऐकू येई. या दोन नावांवरून कोरीटसारख्या खेड्यात कोणी कोणाशी वाद घालील, असे पूर्वी कोणाला वाटले नसते. परंतु ७ ऑक्टोबर २०२३ नंतर चित्र बदलले. महाविद्यालयांच्या आवारात, चहाच्या टपरीवर आणि सर्वांत अधिक मोबाईलवर दोन तट पडले. एका तटाला इस्रायलचे सारेच बरोबर वाटते. दुसऱ्याला हमासच्या हल्ल्यातही काही गैर दिसत नाही. मधे उभा राहून विचार करू पाहणाऱ्याला दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात. अशा वेळी धम्माच्या अनुयायाने काय करावे, याचा विचार या लेखात केला आहे.

मूळ वाद काय आहे?

युरोपात ज्यू लोकांचा शतकानुशतके छळ झाला. हिटलरच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. आपले स्वतःचे राष्ट्र असल्याखेरीज आपला निभाव लागणार नाही, असे त्यांच्यातील अनेकांना वाटू लागले होते. परंतु ज्या भूमीवर हे राष्ट्र उभारावयाचे होते ती रिकामी नव्हती. तेथे पॅलेस्टिनी अरब पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने त्या भूमीच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली, युद्ध झाले आणि सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक घरादारास मुकले. पुढील वर्षांत अरब देशांतील लाखो ज्यूंनाही आपापले देश सोडावे लागले. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा आणि गाझापट्टी ताब्यात घेतली. १९९३ च्या ऑस्लो कराराने समेटाची आशा निर्माण केली, परंतु ती टिकली नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस म्हणून नेण्यात आले. त्यानंतर इस्रायलने केलेल्या कारवाईत ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून अधिक माणसे मरण पावली, असे गाझाच्या आरोग्य खात्याचे आकडे सांगतात. त्यांत हजारो बालके आहेत. १० ऑक्टोबर २०२५ रोजी युद्धविराम लागू झाला, तरी त्यानंतरही माणसे मरत राहिली.

ज्या जिल्ह्यात सरदार सरोवराच्या पाण्यामुळे धडगाव-अक्कलकुव्याकडील गावे उठली, त्या जिल्ह्यातील माणसाला घर सुटणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्या समाजाने जातीच्या नावाखाली वस्त्या जळताना पाहिल्या, त्याला केवळ जन्मामुळे मारले जाणे म्हणजे काय, हेही शिकवावे लागत नाही. म्हणूनच या वादात दोन्ही बाजू आपल्याला ओढून घेऊ पाहतात.

तट कसे पडले?

हे दोन तट मोबाईलने निर्माण केलेले नाहीत. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’ पत्रात ज्यूंविषयी सहानुभूती व्यक्त केली, पण अरबांच्या भूमीवर ज्यूंना लादणे अन्यायाचे ठरेल असेही लिहिले. भारताने १९४७ मध्ये फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सावरकरांनी ज्यू राष्ट्राचे स्वागत केले आणि भारताच्या मतदानावर टीका केली. म्हणजे गाझापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या देशात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आपल्याच फाळणीच्या आरशात पाहिला गेला.

पुढे सरकारी धोरणही एका रेषेत गेले नाही. भारताने १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली आणि जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. राष्ट्रसंघात युद्धविरामाचे ठराव आले तेव्हा भारत ऑक्टोबर २०२३ मध्ये तटस्थ राहिला, डिसेंबर २०२३ मध्ये त्याने ठरावाच्या बाजूने मत दिले आणि जून २०२५ मध्ये तो पुन्हा तटस्थ राहिला. देशाचे सरकार प्रसंग पाहून वेगवेगळे मत देऊ शकते. मग सामान्य नागरिकाने मात्र एकदा एक बाजू घेतली की कायम तिचेच गोडवे गावेत, हा आग्रह कशासाठी?

या आग्रहाची किंमत माणसांना मोजावी लागते. २०२४ मध्ये मुंबईतील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला समाजमाध्यमावर या युद्धाविषयीच्या मजकुराला पसंती दर्शविल्यावरून आपले पद गमवावे लागले. जुलै २०२५ मध्ये गाझातील हत्येच्या निषेधार्थ आझाद मैदानावर सभा घेण्यास परवानगी मिळावी म्हणून डाव्या पक्षांनी केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. आधी आपल्या देशातील प्रश्नांकडे पाहावे, असे मत न्यायमूर्तींनी व्यक्त केले. नंतर पोलिसांनी परवानगी दिली आणि २० ऑगस्ट २०२५ रोजी ती सभा झाली. परदेशातील मृतांविषयी दुःख व्यक्त करणे देशभक्तीच्या आड येते काय, हा प्रश्न या निमित्ताने महाराष्ट्रात उघडपणे विचारला गेला.

शनिवार तेल्यांची गोष्ट

दोन्ही तट एक चूक सारखीच करतात. ते एका सरकारचे किंवा एका संघटनेचे कृत्य संपूर्ण समाजाच्या माथी मारतात. ही चूक समजण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका समाजाकडे पाहू.

कोकणातील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये मांडवी भागात उभे राहिले. आजूबाजूच्या वस्तीत त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मस्जिद या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. ज्यूंच्या मंदिराला मशीद म्हणण्यात कोणालाही वावगे वाटले नाही, इतका तो शेजार साधा होता.

१९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे काय घडले, हे आपल्या वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे. रंगावरून आणि मुळावरून त्यांना हिणवले गेले. १९५१-५२ मध्ये त्यांतील काहींनी धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि काही जण मुंबईला परतलेही. पुढे त्यांचे ज्यूपण शुद्ध आहे की नाही, याची विवाहापूर्वी वंशावळीवरून चौकशी करण्याचा आदेश तेथील धर्मपीठाने काढला. त्याविरुद्ध त्यांनी लढा दिला आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत समान ज्यू असल्याचे जाहीर केले. स्वतः छळ सोसलेल्या लोकांतही वरचा आणि खालचा असा भेद निर्माण होतो, हे यावरून दिसते. (खुद्द बेने इस्रायलांतही कोकणात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पाळला जात असे.)

मुंबईतील ज्यू केंद्राचेही उदाहरण घ्या. २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेक्यांनी कुलाब्यातील नरिमन हाऊस हे ज्यू केंद्र हुडकून काढले आणि धर्मगुरू, त्यांची गरोदर पत्नी व अन्य चौघांचा बळी घेतला. तेथील दोन वर्षांच्या बालकाला त्याच्या भारतीय दाईने जिवावर उदार होऊन वाचविले. त्या माणसांनी गाझात काहीही केले नव्हते. ते ज्यू होते, एवढाच त्यांचा अपराध. त्याच हल्ल्यात ठार झालेल्या नऊ अतिरेक्यांचे दफन करण्यास मुंबईतील मुस्लिम कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी नकार दिला. मुसलमान म्हणजे अतिरेकी, या समजुतीला त्यांनी कृतीने उत्तर दिले. गाझातील बातमी वाचून गावातील मुसलमान शेजाऱ्याला टोमणा मारणारा आणि नरिमन हाऊसमध्ये शिरणारा, यांच्या कृत्यांत अंतर फार मोठे आहे. पण एकाचा दोष सर्वांच्या माथी मारण्याचा विचार दोघांचा एकच आहे.

बाबासाहेबांचे नाव दोन्हीकडे

आपल्या चळवळीतही दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, डॉ. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या स्थितीची तुलना ज्यूंच्या स्थितीशी केली होती. हे खरे आहे. ‘गांधी आणि अस्पृश्यांचा उद्धार’ या १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांचा अस्पृश्यद्वेष हे एकाच जातीचे असल्याचे त्यांनी म्हटले. त्यांच्या एका लिखाणाच्या नावातच अस्पृश्यांना भारतातील ‘घेट्टो’ची, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीची, मुले म्हटले आहे. दुसरे काही म्हणतात, भूमिहीन आणि वेशीबाहेर ठेवलेल्या समाजाने भूमी गमावलेल्या पॅलेस्टिनींच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. यातही तथ्य आहे.

परंतु बाबासाहेबांच्या तुलनेचा अर्थ काय? छळाचे तत्त्व ओळखा, तो कोणीही कोणावरही करो, असा तिचा अर्थ आहे. १९४० च्या सुमारास ज्याचा छळ होत होता त्याच्या नावाने पुढे जे जे होईल त्यावर डोळे मिटून शिक्का मारा, असा तो होत नाही. त्याचप्रमाणे पीडिताची बाजू घेणे म्हणजे पीडिताच्या नावाने केलेल्या प्रत्येक हत्येचे समर्थन करणे नव्हे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा सेनाप्रमुख महंमद दैफ या तिघांविरुद्ध एकाच दिवशी अटक वॉरंट काढले. निरपराधाला मारणारा कोणत्या बाजूचा आहे यावरून गुन्हा ठरत नाही, हेच कायद्याचे म्हणणे आहे.

रोहिणी नदीचा धडा

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून मारामारी झाली. सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला. त्याने काय केले, ते क्रमाने पाहा.

पहिली गोष्ट, आक्रमण प्रथम कोणी केले याची चौकशी करा, असे तो म्हणाला. आणि आपल्या माणसांचाही दोष असल्याचे कानावर आले आहे, हे स्वतःच्या लोकांसमोर बोलून दाखविले. दुसरी गोष्ट, तो नुसता उपदेश करून थांबला नाही. आपल्यातून दोघे, कोलियांतून दोघे आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्याने मांडली. तिसरी गोष्ट, मत हरल्यावर त्याने मौन धरले नाही की संघावर उलट द्वेष केला नाही. सैन्यात जाण्यास नकार दिला आणि कुटुंबावर बहिष्कार पडू नये, जमीन जप्त होऊ नये, म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करली.

याला कोणी मधली वाट म्हणून हिणवील. पण सिद्धार्थ तटस्थ नव्हता. तो युद्धाच्या स्पष्ट विरोधात होता आणि त्याची किंमत त्याने स्वतः भरली. इस्रायलमध्ये ओलीसांच्या सुटकेसाठी आणि युद्ध थांबविण्यासाठी हजारो नागरिक रस्त्यावर आले. मार्च २०२५ मध्ये गाझातही लोकांनी हमासविरुद्ध उघड मोर्चे काढले. आपल्याच पक्षाला प्रश्न विचारणारी ही माणसे सिद्धार्थाच्या वाटेवरची आहेत. आपल्याकडील दोन्ही तटांना मात्र त्यांची बातमी पुढे पाठवावीशी वाटत नाही.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी मित्रांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, मोबाईलवर आलेले चित्र पुढे पाठविण्यापूर्वी ते कोठले आणि केव्हाचे आहे हे पाहावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीरियातील जुनी दृश्ये, इतकेच नव्हे तर संगणकावरील खेळातील दृश्ये गाझाची म्हणून फिरविली गेली. दोन, लिहिताना सरकार, संघटना आणि समाज ही तीन नावे वेगळी ठेवावीत. इस्रायल सरकार म्हणजे ज्यू नव्हेत, हमास म्हणजे पॅलेस्टिनी नव्हेत आणि दोघांचाही हिशेब आपल्या गल्लीतील कोणाकडून वसूल करावयाचा नाही. तीन, आपल्याला जी बाजू जवळची वाटते तिच्या हातून काय चुकले, हे एकदा तरी स्वतःच्या तोंडाने म्हणावे. तेवढे जमले की दुसऱ्या बाजूला दोष देण्याचा अधिकार आपल्याला येतो.

रोहिणीच्या गोष्टीचा शेवट अनेकदा वाचायचा राहून जातो. सिद्धार्थ निघून गेल्यावर शाक्यांनी युद्धाविरुद्ध निदर्शने केली. संघाला फेरविचार करावा लागला आणि दोन्ही बाजूंनी पाच-पाच माणसे नेमून पाण्याचा तंटा बोलण्याने मिटविण्याचे ठरले. एकट्याचे मत त्या सभेत हरले होते. पण तेच मत पुढे गावाचे झाले. आपल्या विहारात येत्या वर्षावासात ग्रंथवाचन होईल तेव्हा हे प्रकरण सावकाश वाचले जावे आणि त्यानंतर तरुणांनी गाझा व इस्रायलविषयी मोकळेपणाने, न भांडता बोलावे, अशी नम्र सूचना आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!