झाडाचा खांदा

इंग्रजीत फांदीला ‘ब्रँच’ म्हणतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण खोडातून फुटणाऱ्या जाडजूड, मुख्य फांदीसाठी आणखी एक शब्द आहे: ‘बाउ’. स्पेलिंग बी-ओ-यू-जी-एच! शेवटचे जी-एच आता मुके आहेत, पूर्वी तिथे खरोखर घशातला उच्चार होता.

गंमत पुढेच आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘बोग’ किंवा ‘बोह’ असा होता आणि त्याचा अर्थ फांदीबरोबरच खांदा, हात असाही होता. त्याच्या मुळाशी असलेल्या प्राचीन शब्दातूनच संस्कृत ‘बाहु’ आला. म्हणजे आपला बाहू आणि इंग्रजांची फांदी ही चक्क चुलत भावंडं! ग्रीक ‘पेखुस’ (कोपरापासूनचा हात) त्याच घरातला. जहाजाच्या नाळेला इंग्रजीत ‘बाउ’च म्हणतात, स्पेलिंग वेगळं, तोही जहाजाचा ‘खांदा’च. धनुष्याचा ‘बो’ मात्र वेगळ्या कुळातला, स्पेलिंग सारखं असलं तरी फसू नका.

आणि ‘ब्रँच’? ती फ्रेंचमार्गे आली, मूळ उत्तरकालीन लॅटिन ‘ब्रांका’, म्हणजे जनावराचा पंजा.

बोलण्यात ‘बाउ’ आता क्वचितच येतो. पण जेम्स फ्रेझरच्या 1890 सालच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथाचं नाव अनेकांनी ऐकलं असेल.