ॲव्हरेजच्या पलीकडचा हिशेब

फुरसुंगीच्या गोदामातून पुण्याच्या पेठांमध्ये किराणा माल पाठवायचं काम मी बघते. संध्याकाळी मालकांचा प्रश्न ठरलेला: गाडीनं ॲव्हरेज काय दिलं? हायवेच्या ट्रकला तो शोभतो. तिथं टन-किलोमीटर, म्हणजे किती टन माल किती किलोमीटर नेला, हा हिशेबही चालतो. रविवार पेठेत मात्र तो फसवा. ड्रायव्हर लांबच्या वळशानं गेला, तर टन-किलोमीटर वाढतात आणि कागदावर काम जास्त दिसतं!

शहरात मालाची गाडी धावते कमी, उभी राहते जास्त. मध्य लंडनमधल्या पार्सल गाड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्याही फेरीतला निम्म्याहून अधिक वेळ रस्त्याकडेला उभं राहण्यातच जाताना दिसला. म्हणून मी थांब्याची मिनिटं मोजते, गाडी दुकानापाशी पोचल्यापासून पोचेवर सही-शिक्का मिळेपर्यंत. माल उतरवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो जागा शोधण्यात, चलनाशी पेट्या ताडण्यात आणि ‘शेठ जेवायला गेलेत’ यात. त्यात पी-वन, पी-टूच्या पाट्या. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला पार्किंग, सम तारखेला दुसऱ्या. गाडी पलीकडे लागली, की हमाल पाठीवर पोतं घेऊन स्कूटरींमधून वाट काढत येतो. दुकान तेच, माल तोच, मिनिटं वेगळी. सरासरीत हे बुडून जातं, म्हणून सम-विषम तारखांच्या नोंदी मी वेगळ्या ठेवते.

गाडी ‘भरली’ कशाला म्हणायचं, हाही वादच आहे. आमच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत साधारण ७५० किलो माल बसतो. तेलाचे १५ किलोचे डबे लावले, तर जेमतेम एका थरात वजन संपतं आणि वरचा हौदा मोकळा. चिप्सच्या पेट्या वरपर्यंत रचल्या, तरी वजनकाटा म्हणतो गाडी रिकामी. नुसतं वजन धरलं तर चिप्सची फेरी नापास, नुसती जागा धरली तर तेलाची. खाली डबे, वर पेट्या अशी सांगड जमली, तर फेरीच वाचते.

बंद दुकानातून परत आलेला माल मी झालेल्या कामात धरत नाही, ड्रायव्हर कुरकुरतात. पहिल्याच खेपेला माल घेतलेली दुकानं भागिले गाडीचे तास, हा माझा आकडा. मालकांना तो खुपतो. कारण गाडीचे तास भरणीपासून सुरू होतात, आणि शेवटच्या दुकानाचा माल आत न लावता दाराशी लावला, तर प्रत्येक थांब्यावर पेट्या उपसाव्या लागतात. ती मिनिटं ड्रायव्हरच्या नव्हे, गोदामाच्या खात्यावर पडतात.