खाडीचा हिशेब आणि पाण्याची पाळी
(कोकण किनाऱ्याच्या सायकल सहलीचे नियोजन)



दिवाळीनंतरच्या गट बैठकीत ऊस नोंदीचं काम आटोपल्यावर गोष्ट निघाली. हजर असलेल्या पंधरा-वीस जणांपैकी समुद्र किती जणांनी पाहिला, असं आम्ही सहज विचारलं. तीन हात वर झाले. त्यातले दोन मुंबईला मंत्रालयात कामासाठी गेले तेव्हाचे. आपल्या पैनगंगेचं पाणी वर्धेला, तिथून प्राणहितेला, पुढे गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्रात जातं. नदी रोज समुद्राला जाते, तिच्या काठचा माणूस मात्र जात नाही. त्याच बैठकीत ठरलं, की आठ-दहा जणांनी सायकलीवर कोकण किनारा पाहायचा. नियोजन आमच्याकडे आलं.

पहिला कागद फाडला

रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग आहे. बॅ. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हापासून या रस्त्याचं नाव घेतलं जातं. लांबी पाचशे किलोमीटरच्या वर. आम्ही नकाशावर दोरा ठेवला, रोजचे नव्वद किलोमीटर धरले आणि सहा दिवसांत रेडी गाठली. हा कागद आमच्या डिप्लोमाच्या एका वर्गमित्राला पाठवला. तो गुहागरकडचा. त्याने फोनवर एकच विचारलं, "यात खाड्या कुठे आहेत?"

मग त्याने समजावलं. किनारा म्हणजे सपाट रस्ता, ही आपली समजूत चुकीची आहे. वर जांभ्या दगडाचे सडे आणि खाली खाड्या. प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा तेवढंच चढायचं. काही खाड्यांवर पूल झाले आहेत. जिथे नाहीत तिथे फेरीबोट आहे, आणि ती आपल्या सोयीने सुटत नाही. आपल्या चोवीस इंची सायकलींवर दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

दुसरा कागद

आता पाच दिवसांचा टप्पा धरला आहे. नांदेडहून रेल्वेने पनवेलला जायचं. सायकली तिकिटावर लगेज म्हणून पार्सल ऑफिसात नोंदवायच्या आणि प्रत्येकीला नाव-गावाची चिठ्ठी बांधायची. पनवेलहून माणगावपर्यंत टेम्पो, कारण लहान स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते आणि तेवढ्यात आठ-दहा सायकली उतरत नाहीत.

पहिला दिवस : माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर.
दुसरा : बागमांडल्याला फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.
तिसरा : दापोली. इथे १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ आहे. पुढे दाभोळ, फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपावे, मुक्काम गुहागर.
चौथा : हेदवी, तवसाळ, शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड, मुक्काम गणपतीपुळे.
पाचवा : रत्नागिरी. स्टेशन मोठं आहे. परतीचं लगेज तिथूनच.

मालवणच्या खाली देवबाग म्हणून गाव आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर घरं, माड आणि रस्ता. तिथवर जायची फार इच्छा होती. पण जाणं-येणं धरून आठवड्यात बसत नाही, म्हणून आम्ही जड मनाने खोडलं.

भरती-ओहोटी

आपल्याकडे तिथी सर्वांना पाठ असते, तिचा इथे उपयोग होतो. कोकणातला ढोबळ हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर कमी. आम्ही अष्टमीच्या आगेमागेचे दिवस धरले आहेत. भर ओहोटीत धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो, सायकल हातात धरून पाय घसरतो. म्हणून खाडी होईल तिथे सकाळीच ओलांडायची. फेरीबोटीची वेळ आदल्या मुक्कामी विचारून घ्यायची.

ओहोटीच्या ओल्या वाळूवर सायकल छान पळते म्हणतात. जिथे मनाई नसेल तिथे थोडी मौज करावी, पण त्याच संध्याकाळी चेन गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यावं. मीठ लोखंडाला सोडत नाही. ब्रेकचे रबर नवे हवेत. ट्यूब, पंप, पाना, सोल्युशन जवळ असावं. कॅरिअरवर दहा किलोच्या वर ओझं नको. निघण्यापूर्वी माहूरच्या चढावर एक तालीम होईल. तिथे ज्याला दम लागेल त्याने चढ पायी चढावा. त्यात कमीपणा नाही, आम्हीही उतरणारच आहोत.

वाटेत खारबंदिस्ती आवर्जून पाहायची. भरतीचं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध आणि गोडं पाणी सोडायच्या उघाड्या. यासाठी राज्यात १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. जादा पाण्याने आपल्या काही शेतांत क्षार फुटले आहेत. मिठाशी पिढ्यान्‌पिढ्या झगडणारा शेतकरी कसा वागतो, ते डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

खरी अडचण

मार्ग ठरला, तारीख ठरेना. ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे कापूस, मग ऊसतोड. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर घामाने जीव जातो आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला. उरतो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तेव्हा एक सभासद उठून म्हणाले, "साहेब, समुद्र पाहाले कोनाले नको वाटते? पन पाण्याची पाळी कोन देईन?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. वीज कधी दिवसा, कधी रात्री. आठ दिवस घर सोडणारा शेतकरी आम्ही तरी पाहिला नाही. उत्तर बैठकीतूनच आलं. सत्तरीला आलेले एक जुने सभासद म्हणाले, "माह्या शेजारच्या दोघाइची पाळी मी देतो. माह्यानं आता सायकल होत नाही. येताना बाटलीभर खाडीचं पानी आना, पाहू केवढं खारं असते ते." मग प्रत्येक जाणाऱ्यामागे एक राहणारा, अशी यादी झाली. जाणाऱ्यांच्या यादीआधी राहणाऱ्यांची यादी आम्ही पक्की केली. आमच्या मते सहलीचं खरं नियोजन तेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सहलीला येणाऱ्याची तोड लवकर मिळणार, अशी कुजबुज आमच्या कानावर आली आहे. तसं होणार नाही. तोड लागणीच्या तारखेप्रमाणेच मिळेल. ज्यांची तोड त्या आठवड्यात येईल, त्यांनी घरीच थांबावं. पुढच्या खेपेला त्यांचं नाव पहिलं.

हाच नियम आम्हालाही आहे. गाळप चालू असताना ऊस विकास अधिकाऱ्याने आठवडाभर बाहेर राहावं का, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. मंजूर न झाल्यास हा कागद घेऊन सभासद जातील. त्यात सगळं लिहून ठेवलं आहे.

इच्छुकांनी आपलं नाव, आणि सोबत मागे पाळी देणाऱ्याचं नाव, गट कार्यालयात द्यावं. दुसरं नाव नसेल तर पहिलं नोंदवलं जाणार नाही.

बाटली मात्र आम्ही कोणाच्या तरी कॅरिअरला बांधून देऊ. आल्यावर आपल्या माती-पाणी प्रयोगशाळेत क्षार तपासू आणि आकडा याच अंकात छापू.

– ऊस विकास अधिकारी