ताप आला की तासाभरात

रक्ताच्या कॅन्सरवर केमोथेरपी घेणाऱ्या मुलाला रात्री ताप भरला, तर सकाळची वाट पाहता येत नाही. औषध कॅन्सरच्या पेशी मारतं, तशा जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारतं. मग एरवी किरकोळ वाटणारा संसर्ग काही तासांत जिवावर बेततो. शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. आणि मूल बुलढाण्याच्या किंवा बिहारच्या खेड्यातलं असेल, तर?

पूर्वी तर उपचारच नव्हते. 1931 साली लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनंच गेल्या. टाटांच्या घरातही तेव्हा या रोगावर औषध नव्हतं. त्यांच्या मृत्यूतूनच 1941मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं हॉस्पिटल उभं राहिलं. आज औषधं आहेत आणि मुलांमधला ल्युकेमिया बऱ्याचदा पूर्ण बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने तर हॉस्पिटलजवळच काढावे लागतात. मजुरी बुडालेल्या बापानं परळला खोली कुठून घ्यावी? 2009च्या सुमारास टाटाच्या बालविभागात साधारण पाचातलं एक कुटुंब उपचार नाकारत होतं किंवा अर्धवट सोडत होतं. राहणं, जेवण, पैसा आणि धीर यांची व्यवस्था लागत गेली, तसं काही वर्षांतच हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. मी हे वाचलं तेव्हा थक्क झालो. डोक्यावरचं छप्पर आणि वेळेवरचं जेवण यांनी मुलं उपचारात टिकली!

हे छप्पर इथल्याच माणसांनी दिलं. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला 1968पासून नाना पालकर स्मृती समिती रुग्ण आणि नातेवाइकांची सोय करते. 2006मध्ये मोजक्या कुटुंबांपासून सुरू झालेलं सेंट ज्यूड तर खास कॅन्सरच्या मुलांसाठीच. तिथली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. संस्था शिधा देते आणि आई आपल्या शेगडीवर आपल्या पद्धतीचं रांधते. केमोनं तोंडाची चव गेलेलं मूल परकं जेवण ढकलून देतं, आईच्या हातचे दोन घास खातं. कुपोषित मुलाला केमो झेपत नाही, म्हणून ते दोन घास उपचाराचाच भाग असतात. शेजारच्या शेगडीपाशी दुसरी आई असते, वर्षभर आधी आलेली. केस गळतात आणि पुन्हा येतात, हे तिनं स्वतःच्या मुलाचं पाहिलेलं असतं. तिच्या सांगण्यानं नव्या आईला जो धीर येतो, तो कुठल्याही माहितीपत्रकानं येत नाही.

एक गोष्ट मात्र पैशानं साठवून ठेवता येत नाही. केमोत रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट घसरतात आणि रक्तस्रावाची भीती असते. दान केलेल्या प्लेटलेट सतत हलत्या ठेवूनही साधारण पाचच दिवस टिकतात. म्हणजे या मुलांसाठी दर आठवड्याला नवे दाते हवेत. गिरणगावातली मंडळं रक्तदान शिबिरं भरवतात. 2020मध्ये कोविडमुळे लालबागच्या राजाच्या मंडळानं गणपतीची मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, त्यात रक्त आणि प्लाझ्मादान झालं. पण शिबिर वर्षातून एकदोनदा असतं, आणि मुलांची गरज रोजची असते.

यंत्रावर प्लेटलेट देताना रक्तातून त्या तेवढ्या काढून घेतात आणि बाकीचं रक्त परत शरीरात सोडतात. तास-दीड तास लागतो. निरोगी माणूस काही दिवसांनी पुन्हा देऊ शकतो. तुम्ही दादर-परळच्या आसपास राहत असाल, तर एकदा रक्तपेढीत जाऊन नाव नोंदवून या.